एकूण म्हणजे कशाचं एकूण?

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी जाहीर झाली की पुढचे काही आठवडे कोल्हापूर जिल्ह्यात माणसं दशांशचिन्हानंतरच्या दोन आकड्यांवरून वाद घालतात. आपल्या कारखान्याचा उतारा किती, शेजारच्याचा किती, आणि त्याचा जास्त कसा? उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, याच आकड्याला बांधलेला आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढवून दिले. त्यामुळे इतर ठिकाणी हिशेबनिसावर सोडून दिली जाणारी आकडेमोड इथं पारावर बसून होते.

डेटा विश्लेषण शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा विषय याच आकडेमोडीत दडलेला आहे. पॉवर बीआय हे अहवाल बनवण्याचं साधन आणि त्याची सूत्रभाषा डॅक्स यांत त्याला ‘फिल्टर कॉन्टेक्स्ट’ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट साधी आहे: समोर दिसणारा आकडा नेमक्या कोणत्या नोंदींवरून काढला, त्या नोंदी निवडणाऱ्या अटींचा संच. या अटी बहुतेक वेळा कागदावर छापलेल्या नसतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एका काल्पनिक कारखान्याचा हंगाम घेऊ. नोव्हेंबरात ५० हजार टन गाळप, उतारा १०.२. डिसेंबरात दीड लाख टन, ११.४. जानेवारीत १ लाख ६० हजार टन, १२.२. फेब्रुवारीत १ लाख ४० हजार टन, १२.६. मार्चात पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम बंद व्हायच्या आधी ४० हजार टन, १२.०. संगणकावरच्या अहवालात पाच महिन्यांच्या पाच ओळी आल्या आणि तळाला ‘एकूण’ म्हणून ११.८८ असा आकडा आला. कुणीतरी खिशातला मोबाइल काढून पाच उताऱ्यांची बेरीज केली, पाचाने भागलं, तर ११.६८ आलं. लगेच संशय: संगणक चुकला की कुणी चुकवला?

बरोबर संगणकच आहे. पाच महिन्यांत ५ लाख ४० हजार टन ऊस गाळला गेला आणि त्यातून ६४ हजार १६० टन साखर निघाली, भागाकार ११.८८ येतो. महिन्यांची सरळ सरासरी काढली की नोव्हेंबरच्या ५० हजार टनांना जानेवारीच्या १ लाख ६० हजार टनांइतकंच वजन मिळतं आणि हंगाम आहे त्यापेक्षा हलका दिसतो. फरक ०.२ टक्क्यांचा. वरच्या दराने तो क्विंटलला सुमारे ७ रुपये, टनाला ७० रुपये आणि या कारखान्याच्या सगळ्या उसावर पावणेचार कोटींच्या घरात जातो.

इथं थोडं थांबायला हवं, कारण जो शिकाऊ विश्लेषक हे समजून घेतो त्याचा पुढचा निम्मा त्रास वाचतो. पाटीवर हिशेब शिकलेल्या माणसाला तळाची ओळ म्हणजे वरच्या ओळींची बेरीज वाटते. डॅक्समध्ये, किंवा एक्सेलच्या पिव्होट टेबलात, तळाची ओळ वरच्या ओळींकडे बघतसुद्धा नाही. ‘उतारा म्हणजे एकूण साखर भागिले एकूण ऊस’ हे एकच सूत्र प्रत्येक चौकोनात नव्याने चालवलं जातं. डिसेंबरच्या चौकोनात ‘महिना डिसेंबर’ अशी अट असते, म्हणून त्याला फक्त डिसेंबरच्या नोंदी दिसतात. एकूणच्या चौकोनात महिन्याची अटच नसते, म्हणून त्याला सगळ्या नोंदी दिसतात. प्रश्न तोच, फक्त अट सैल झालेली. साध्या टनांच्या बाबतीत या पद्धतीने आलेलं उत्तर आणि ओळींची बेरीज जुळतात. म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गुणोत्तर, सरासरी, टक्केवारी आली की जुळणं बंद होतं. गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या गावसंस्थेत सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाची फॅट वेगळी लागते. दिवसाची फॅट काढताना दोन आकड्यांची अर्धी-अर्धी सरासरी चालत नाही, लिटर लक्षात घ्यावे लागतात. तेच गणित.

बेरीज न जुळण्याचा आणखी एक प्रकार सीमेवरच्या गावांत सापडतो. तिथला शेतकरी एकाच हंगामात दोन-तीन कारखान्यांना ऊस घालतो, कधी एखादी खेप कर्नाटकातल्या कारखान्यालाही जाते. कारखानानिहाय ‘ऊस घालणारे शेतकरी’ मोजले तर तो माणूस दोन-तीन ओळींत येतो. जिल्ह्याच्या एकूणमध्ये मात्र एकदाच. ओळींची बेरीज एकूणपेक्षा मोठी निघते आणि दोन्ही आकडे खरे असतात. असा अहवाल पाहून ‘दुरुस्त करा’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला समजावणं ही एक वेगळीच कला आहे.

अटी येतात कुठून? ओळीच्या मथळ्यातून, स्तंभाच्या मथळ्यातून, पानावर लावलेल्या स्लायसर नावाच्या निवडपट्टीतून, सगळ्या अहवालाला लावलेल्या गाळणीतून आणि शेवटी खुद्द सूत्रातून. पहिल्या चार डोळ्यांना निदान शोधल्या तर सापडतात. पाचवी सूत्राच्या पोटात असते आणि तीच सगळ्यात ताकदवान, कारण ती बाकीच्यांना बाजूला सारू शकते.

डॅक्समध्ये हे काम ‘कॅल्क्युलेट’ नावाचं फंक्शन करतं. मायक्रोसॉफ्टने डॅक्स पहिल्यांदा आणली ती एक्सेल २०१०च्या पॉवरपिव्होट या जोडणीबरोबर. पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं जुलै २०१५मध्ये. तेव्हापासून शिकणाऱ्यांची पहिली ठेच कॅल्क्युलेटलाच लागते. उसाचंच उदाहरण. आपल्याकडे ऊस लागणीवरून ओळखला जातो: जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा. शेती खात्यातल्या कुणी एक मेझर, म्हणजे अहवालात कुठेही वापरता येणारं सूत्र, लिहिलं: टनांची बेरीज, अट ‘लागण प्रकार खोडवा’. कार्डावर एकटं टाकलं तेव्हा उत्तर बरोबर आलं. मग तेच मेझर लागण प्रकारांच्या चार ओळींसमोर ठेवलं, तर चारही ओळींत खोडव्याचाच आकडा! आडसालीसमोर खोडवा, सुरूसमोर खोडवा. संगणकाने काहीच वेडेपणा केलेला नाही. ओळीने सांगितलं होतं ‘आडसाली’, सूत्राने त्याच स्तंभावर सांगितलं ‘खोडवा’, आणि नियम असा की एकाच स्तंभावर दोघांनी अट घातली तर सूत्राची अट ओळीच्या अटीला पुसून टाकते. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्यात असं वाटत असेल, तर ‘कीपफिल्टर्स’ सांगावं लागतं. मग खोडव्याच्या ओळीत आकडा येतो आणि बाकीच्या तीन रिकाम्या राहतात, कारण एकाच वेळी आडसाली आणि खोडवा असलेला ऊस जगात नाही.

पुसून टाकण्याची ही ताकद उपयोगीही आहे. जानेवारीचा वाटा किती, या प्रश्नात अंशाला महिन्याची अट हवी आणि छेदाला नको. छेदात ‘ऑल’ लावून महिन्याची अट काढली की झालं: वरच्या कारखान्यात १९ हजार ५२० भागिले ६४ हजार १६०, म्हणजे साखरेचा ३०.४ टक्के वाटा जानेवारीचा. पण उत्साहाच्या भरात एखादा माणूस महिन्याच्या स्तंभावरची अट काढण्याऐवजी सगळ्या टेबलावरच्या अटी काढतो. मग वर स्लायसरमध्ये निवडलेला हंगामही छेदातून उडतो, छेदात साठवलेले सगळे हंगाम येतात आणि दहा हंगामांची माहिती असेल तर जानेवारीचा वाटा ३०वरून ३ टक्क्यांच्या आसपास घसरतो. सूत्र कुठेही लाल होत नाही, चूक झाल्याची सूचना येत नाही. ३ टक्के हा आकडासुद्धा कशाचं तरी खरं उत्तर असतो. फक्त तो प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

गट पाडण्याचं काम डॅक्समध्ये ‘समराइझ’ करतं आणि त्याची खोड आणखी निराळी. या भाषेवर सगळ्यात जास्त लिहिणारे मार्को रुसो आणि अल्बर्टो फेरारी हे दोन इटालियन तज्ज्ञ बरीच वर्षं सांगत आले आहेत की समराइझकडून फक्त गट पाडून घ्यावेत, गटांसमोरची बेरीज त्याच्यात लिहू नये. ती ‘ॲडकॉलम्स’ने जोडावी. हा सल्ला ऐकून नवशिका गावांचे गट पाडतो, पुढे टनांची साधी बेरीज जोडतो आणि बघतो तर प्रत्येक गावासमोर सगळ्या कारखान्याचं टनेज! कारण एखाद्या ओळीवर उभं असणं आणि त्या ओळीची अट लागू असणं या डॅक्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला रो कॉन्टेक्स्ट म्हणतात. हे गाव, मग ते गाव असं एकेक ओळ पुढे जात राहणं एवढंच त्याचं काम. नोंदी गाळण्याचा अधिकार त्याला नाही. बेरजेला कॅल्क्युलेटमध्ये गुंडाळलं की उभं असलेल्या ओळीचं अटीत रूपांतर होतं आणि प्रत्येक गावाला त्याचं त्याचं टनेज मिळतं. एवढा एक शब्द वाढवला की अहवाल सुधारतो, आणि तो का सुधारला हे कळेपर्यंत काही जणांचा एक अख्खा गाळप हंगाम जातो.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल वापरणाऱ्यांनी यावर हसायचं कारण नाही. आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये मांडलेल्या या भाषेत अटींच्या दोन जागा आहेत: ‘व्हेअर’ गट पाडण्याआधी चालतो, ‘हॅविंग’ गट पाडून बेरीज झाल्यावर. शंभर टनांच्या वर ऊस घालणारे शेतकरी हवेत म्हणून अट व्हेअरमध्ये घातली, तर यंत्र प्रत्येक काटापावती तपासतं. ट्रॅक्टरच्या एका खेपेत शंभर टन ऊस येत नाही, बैलगाडीत तर नाहीच, यादी रिकामी. तीच अट हॅविंगमध्ये घातली की आधी शेतकऱ्याच्या सगळ्या पावत्यांची बेरीज होते, मग चाळण लागते आणि मोठे बागायतदार कागदावर येतात. शब्द तेच, आकडा तोच, फक्त अट आधी लावली की नंतर.

बेरजेच्या ओळीचा प्रश्न डेटाबेसच्या जगाला किती अवघड गेला, याची एक खूण १९९६च्या एका शोधनिबंधात आहे. जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी गटवार बेरजा, उपबेरजा आणि महाबेरीज एकाच प्रश्नात काढण्याची ‘क्यूब’ ही रीत सुचवली. उपबेरजेच्या ओळीत महिन्याच्या रकान्यात काय लिहायचं? त्यांनी ‘ऑल’ असं एक खास मूल्य कल्पिलं. प्रत्यक्ष एसक्यूएलमध्ये मात्र तिथं ‘नल’, म्हणजे रिकामी जागा येते. आता ज्या काटापावतीवर उसाची जातच लिहायची राहून गेली, तिच्याही रकान्यात नल असतं. को ८६०३२, फुले २६५, को-सी ६७१ अशा जातींच्या यादीखाली दोन बिननावाच्या ओळी येतात: एक सगळ्यांची बेरीज, दुसरी आळशीपणे भरलेल्या पावत्यांची. कोणती कोणती ते ओळखायला ‘ग्रुपिंग’ नावाचं वेगळं फंक्शन लागतं. ते वापरायचं विसरलेला माणूस दोन्ही ओळी पुन्हा बेरजेत धरतो आणि कारखान्याचं गाळप एका रात्रीत दुप्पट होतं.

हे सगळं संगणकाच्या खोलीत राहिलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण अटींचा संच बदलला की पैसे बदलतात, हे कोल्हापूरकरांनी अलीकडेच अनुभवलं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. हंगाम चालू असताना त्या हंगामाचा अंतिम उतारा कुणालाच माहीत नसतो, म्हणून मागच्या हंगामाचा उतारा धरून दर काढायची रीत होती. २१ फेब्रुवारी २०२२च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात एफआरपीचे दोन हप्ते झाले: पहिला हप्ता महसूल विभागासाठी ठरवलेल्या आधारभूत उताऱ्यावर, आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर, त्याच हंगामाच्या प्रत्यक्ष उताऱ्यावर. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि मार्च २०२५मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला.

राजकारण बाजूला ठेवून फक्त अटी पाहिल्या तरी या शासन निर्णयात दोन बदल एकदम दिसतात. एक तारखेचा: ‘उतारा’ हे नाव तेच, पण हंगामाच्या रकान्यातली अट मागच्या वर्षावरून चालू वर्षावर आली. चौदा दिवसांची मुदत आणि चालू हंगामाचा उतारा या दोन गोष्टी एकाच सूत्रात बसतच नाहीत, कारण दुसरी गोष्ट पट्टा पडेपर्यंत जन्मालाच येत नाही. हप्ते करावे लागले ते त्यामुळे.

दुसरा बदल गटाचा, आणि तो कोल्हापूरला जास्त झोंबणारा. साखर आयुक्तालयाच्या अहवालात ‘कोल्हापूर विभाग’ असतो; त्यात कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे येतात आणि उताऱ्यात हा विभाग राज्यात पुढे असतो. महसूल विभागांच्या यादीत मात्र कोल्हापूर विभाग नावाचं काही नाही. कोल्हापूर जातं पुणे विभागात, पुणे, सातारा, सांगली आणि उताऱ्यात मागे राहणाऱ्या सोलापूरबरोबर. शासन निर्णयाने पुणे आणि नाशिक महसूल विभागांना पहिल्या हप्त्यासाठी १० टक्के उतारा धरला. बाराच्या आसपास उतारा असलेल्या कारखान्याचा शेतकरी पहिल्या हप्त्यात दहाचा धनी झाला. कुणी आकडा खोटा लिहिला नव्हता. गट कोणत्या रकान्यावरून पाडायचा, एवढंच बदललं होतं.

उताऱ्याच्या अंशातही एक अट लपलेली असते. बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायचं ठरवलं की साखरेचा काही भाग मळीतच राहतो आणि पोत्यांवरून काढलेला उतारा कमी दिसतो. एफआरपी काढताना इथेनॉलकडे गेलेली साखर परत मिळवून धरावी लागते. त्यामुळे एकाच कारखान्याचे, एकाच हंगामाचे दोन उतारे वर्तमानपत्रात येऊ शकतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी लपवाछपवी करतंय.

गट किती बारीक पाडायचा, हा प्रश्न पावसाळ्यात तर जीवन-मरणाचा होतो. कोल्हापूरचे बारा तालुके एका जिल्ह्यात असले तरी एका आभाळाखाली नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या शिरोळात पाचशेच्या आसपास. या दोघांची सरासरी कुठल्याच गावात पडत नाही. म्हणून अतिवृष्टी ठरवताना सरकारसुद्धा जिल्हा किंवा तालुका धरत नाही. महसूल मंडळ धरतं, आणि तिथं २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला पाहिजे. एखाद्या तालुक्यातल्या पाच मंडळांत ९०, ७०, ४०, ३० आणि २० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. तालुक्याची सरासरी ५०. तालुका धरून हिशेब केला तर अतिवृष्टी कुठेच नाही. मंडळ धरून केला तर दोन मंडळांत आहे, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या पंचनाम्याचा रस्ता मोकळा होतो.

शिरोळची गोष्ट याहून शिकवणारी आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पातळी गाठली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शिरोळ तालुक्यातली नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि आसपासची गावं पाण्याखाली गेली. आता एखाद्या विश्लेषकाने पावसाच्या माहितीवर ‘तालुका शिरोळ’ अशी गाळणी लावून आलेख काढला, तर त्या आलेखातून हा पूर कधीच समजणार नाही. पाणी शिरोळात पडलं नव्हतं. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांच्या खोऱ्यांत पडलं, पंचगंगेतून खाली आलं आणि वरून फुगून येणाऱ्या कृष्णेला नृसिंहवाडीला मिळालं. गाळणीने कारणच बाहेर टाकलं आणि परिणाम तेवढा ठेवला. सूत्रात चूक नसताना उत्तर निरुपयोगी ठरण्याचा याहून चांगला नमुना पाठ्यपुस्तकात मिळणं कठीण.

गटाची पातळी बदलली की निष्कर्षच उलटतो याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं. १९७३मध्ये तिथं पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांवरचा तो सरसकट अन्याय दिसेना; ज्या विभागांत प्रवेश मिळणंच दुरापास्त, तिथं स्त्रियांचे अर्ज जास्त होते. १९७५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे विश्लेषण आलं आणि संख्याशास्त्राच्या वर्गात कायमचं जाऊन बसलं.

पण गट, छेद आणि अट यांचा नीट विचार केलेला एक दस्तऐवज त्याच्याही सत्तर वर्षं आधीचा आहे आणि तो कोल्हापूरचा आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. डेटाच्या माणसाने तो पुन्हा एकदा वाचावा असा आहे.

पन्नास टक्के, पण कशाचे? आदेश सांगतो, या आदेशानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांचे. ही तारखेची अट झाली; आधीपासून नोकरीत असलेल्यांना हात लावलेला नाही. पुढचं कलम आणखी नेमकं आहे: ज्या ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण सध्या निम्म्याहून कमी आहे, तिथं पुढची नेमणूक या वर्गातल्या उमेदवाराला द्यावी. म्हणजे प्रमाण मोजायचं कचेरीनिहाय. सगळ्या संस्थानाची एकच बेरीज धरली असती, तर शिपायांच्या जागांनी आकडा भरून काढून वरच्या कचेऱ्या होत्या तशा ठेवता आल्या असत्या. मागासवर्ग कोण, याची व्याख्या आदेशाने वगळण्याच्या रीतीने केली: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारसी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. डॅक्समध्ये ‘ऑलएक्सेप्ट’ नावाचं फंक्शन आहे, ते याच धाटणीचं. आणि शेवटी, नेमणुकांचं तिमाही पत्रक सगळ्या खातेप्रमुखांनी पाठवावं असं फर्मान.

या आदेशाबरोबर नेहमी काही आकडे दिले जातात. महाराज १८९४मध्ये गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकारी पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती आणि कारकुनी स्वरूपाच्या ५०० जागांपैकी १० सोडून सगळ्या त्यांच्याकडेच. १९१२मध्ये ९५ अधिकारी पदांपैकी ब्राह्मणांकडे ३५ राहिली. टक्केवारीत मांडलं तर ब्राह्मणेतरांचा वाटा १८९४मध्ये अधिकाऱ्यांत साडेपंधरा टक्के, कारकुनांत २ टक्के. दोन्ही एकत्र केले तर ५७१पैकी २१, म्हणजे ३.७ टक्के, कारकुनांची संख्या मोठी म्हणून एकूण आकडा त्यांच्याच बाजूला ओढला जातो. साडेपंधरा आणि दोन यांची सरळ सरासरी पावणेनऊ येते आणि ती कशाचंच वर्णन करत नाही. उताऱ्याच्या उदाहरणातली नोव्हेंबर-जानेवारीची भानगड इथंही तशीच.

भाषणांत आणि लेखांत मात्र १८९४चे आकडे आणि १९०२चा आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले जातात, जणू दोन्हींत एकच माणसं मोजली आहेत. पहिल्या आकड्यांची अट ‘ब्राह्मण की ब्राह्मणेतर’ अशी आहे. आदेशाची अट वेगळी. तीत प्रभू, शेणवी आणि पारसीही बाहेर आहेत. ७१पैकी उरलेल्या ११ अधिकाऱ्यांत आदेशाच्या व्याख्येत बसणारे किती, हे ७१ आणि ६० या दोन आकड्यांवरून काढता येत नाही. त्यासाठी त्या कचेऱ्यांची नावनिशीवार यादीच हातात घ्यावी लागते.